चिनी १२५ सीसी एटीव्ही: उन्हात वीस मिनिटांनी बंद पडते, बॅटरी उतरते, फवारणीसाठी आधी काय बदलावं?

केळीबाग_रावेर

राम राम मंडळी. बागेतल्या कामासाठी घेतलेल्या आयात एटीव्हीबद्दल (चार जाड टायरची, रानात चालणारी छोटी गाडी) विचारायचं आहे. इंजिनावर १५४एफएमआय असा ठसा आहे. तीन गिअर पुढे, एक रिव्हर्स, हाताचा क्लच नाही, फक्त सेल्फ स्टार्ट. कार्बोरेटर पीझेड २०. मागे चेन, मागच्या ॲक्सलवर एकच डिस्क ब्रेक. पुढचे टायर १९×७-८, मागचे १८×९.५-८.

तक्रारी अशा:

सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते. दुपारी बागेत हळू चालवली की वीस-पंचवीस मिनिटांत ओढ कमी होते, फटफट करते आणि बंद पडते. लगेच सेल्फ मारला तर इंजिन फिरतं, पण पकडत नाही. पंधरा-वीस मिनिटं सावलीत ठेवली की पुन्हा चालू. प्लग नवा टाकला, कार्बोरेटर खोलून धुतला, एअर फिल्टर धुतला, ऑइल बदललं. फरक नाही.

आठवडाभर उभी राहिली की १२ व्होल्ट ५ अँपिअर-अवरची बॅटरी झोपते. बॅटरी नवी आहे.

वळताना चेन उतरते, तीही फक्त डाव्या वळणावर.

पुढे मागच्या कॅरिअरवर ६० लिटरची फवारणीची टाकी बसवायची आहे. गॅरेजवाल्याचा सल्ला आहे की मोठा कार्बोरेटर आणि रेसिंग सीडीआय (ठिणगीची वेळ ठरवणारा डबा) टाका, ताकद वाढेल आणि बंद पडणंही थांबेल. खर्च करण्याआधी क्रम काय असावा?

धुळे_टॅपेट

भाऊ, मोठा कार्बोरेटर आणि रेसिंग सीडीआय दोन्ही आत्ता घेऊ नका. थंड असताना नीट चालणारं इंजिन गरम झाल्यावर मरतं, तेव्हा ते ताकदीचं दुखणं नसतं. पेट्रोल, करंट किंवा कॉम्प्रेशन, यातलं एक काहीतरी उष्णतेने जातं. कोणतं, ते गाडी बंद पडल्याच्या पहिल्या दोन मिनिटांतच कळतं. सावलीत थंड करून मग तपासलं तर सगळं चांगलंच दिसणार. गॅरेजमध्ये दोष सापडत नाही तो यामुळेच.

म्हणून बागेत जाताना प्लग पाना, एक जादा प्लग, स्क्रू ड्रायव्हर आणि छोटी बाटली सोबत ठेवा. बंद पडली की सगळ्यात आधी पेट्रोल टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या. सुस्स करून हवा आत गेली आणि लगेच गाडी चालू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. टाकीत हवा शिरत नाही, निर्वात होतो, पेट्रोल खाली उतरत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात बारीक धूळ आणि पेट्रोलची वाफ मिळून त्या भोकात चिकट थर धरतो. झाकण केरोसीनमध्ये बुडवून ब्लोअरने उडवा, एवढंच काम.

झाकणाने फरक पडला नाही तर जादा प्लग कॅपमध्ये घालून हेडच्या उघड्या धातूला टेकवा आणि सेल्फ मारा. निळी, कडकडीत ठिणगी हवी. पिवळट, मरतुकडी किंवा काहीच नाही, तर विजेच्या बाजूला जा. ही तपासणी आधी करा आणि मगच पेट्रोलला हात लावा. कार्बोरेटर उघडा असताना ठिणगी काढू नका.

ठिणगी चांगली असेल तर कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून बाटलीत पेट्रोल घ्या. कार्बोरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी भरलेली असली पाहिजे. नसेल तर नळी कार्बोरेटरपासून सोडून धार बघा, झाकण घट्ट लावून. मिनिटाला १०० मिली आलं तरी या इंजिनाला भरपूर झालं, कारण पूर्ण ओढीतसुद्धा याच्या निम्म्याच्या आतच लागतं. पण धार तीन मिनिटं सारखी राहिली पाहिजे. सुरुवातीला जोरात आणि मग थेंब थेंब, तर झाकण, कॉक किंवा कॉकची जाळी. कार्बोरेटर आणि हेडच्या मधला जाड काळा बॅकेलाइटचा तुकडाही बघा. तो तडकलेला किंवा काढून टाकलेला असेल तर हेडची उष्णता सरळ कार्बोरेटरला जाते आणि वाटीतलं पेट्रोल उकळतं. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात हे अगदी होतं.

पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही जागेवर असून पकडत नसेल, तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली मोकळीक. तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय यावरच आहे. या स्वस्त इंजिनांमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये बसत जातो, त्याचं टोक रॉकरकडे सरकतं आणि मोकळीक संपते. थंड असताना व्हॉल्व्ह जेमतेम बंद होतो. गरम झाला की लांबी वाढते, व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो आणि कॉम्प्रेशन निघून जातं. टॅपेट वाजत नाही म्हणून लोकांना इंजिन छान वाटतं, पण या इंजिनात हलकी टिकटिक हवीच. एकदम गप्प झालेलं इंजिन वाईट.

टॅपेट रात्रभर थंड झालेल्या इंजिनावरच करा. प्लग काढा म्हणजे इंजिन हलकं फिरेल. डाव्या कव्हरवरची दोन झाकणं उघडा. मधल्या मोठ्या झाकणातून गोटी पान्याने मॅग्नेटचा (क्रँकवरच्या चुंबकी चाकाचा) नट घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा आणि वरच्या छोट्या खिडकीत ‘टी’ची रेघ खुणेसमोर आणा. ‘एफ’ची रेघ नको, ती ठिणगीच्या वेळेची. आता दोन्ही रॉकर बोटाने हलले पाहिजेत. एखादा ताठ वाटला तर अजून एक पूर्ण फेरा द्या, कारण तुम्ही एक्झॉस्टच्या फेऱ्यावर आहात. खात्री हवी असेल तर हेडच्या डाव्या बाजूचं गोल कव्हर काढा. कॅमच्या चक्रावरची खूण हेडवरच्या खाचेसमोर असेल. मग फिलर गेजची ०.०५ मिमीची पट्टी इनटेकमध्ये सरकवा, हलकी ओढ लागली पाहिजे. एक्झॉस्टला ०.०५ ते ०.०८. आपल्या उन्हाला मी ०.०८ च ठेवा म्हणेन. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा मोजा. न मोजता झाकण लावणं ही इथली सगळ्यात जास्त होणारी चूक.

कॉम्प्रेशन गेज मिळत असेल तर थंड आणि गरम, दोन्ही वेळा ॲक्सिलरेटर पूर्ण ओढून मोजा. थंडला १२०-१५० पीएसआय ठीक. गरमला ९० च्या खाली गेलं तर कारण सापडलं. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह.

ऑइल २०डब्ल्यू-४० आणि डब्यावर ‘जासो एमए’ लिहिलेलंच घ्या. क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, कारचं ऑइल टाकलं की घसरतो. सुमारे ८०० ते ९०० मिली बसतं, पण डिपस्टिकवर बघून भरा. धुळीच्या कामात दर २५-३० तासांनी बदला.

भुसावळ_कॉइल

धुळ्याच्या दादांनी टॅपेटचं नीट सांगितलंय, पण ठिणगी गेली असेल तर पुढे कुठे बघायचं तेही लिहितो.

सगळ्यात आधी सीडीआयला येणारी काळी-पांढरी वायर सोडा. ती जमिनीला लागली की इंजिन बंद होतं. चावी, हँडलवरचं लाल बटण, मागची ओढून काढायची दोरी आणि रिमोटचा डबा, हे सगळे तिच्यावरच लटकलेले असतात. ती सोडल्यावर ठिणगी आली तर सीडीआय आणि कॉइल चांगले आहेत, या चारांपैकी एकात पाणी किंवा गंज शिरलाय. मात्र वायर सुटलेली असताना चावीने गाडी बंद होणार नाही, म्हणून न्यूट्रलवर आणि मागची चाकं उचलून तपासा. बंद करायला चोक पूर्ण ओढा.

नंतर मीटरने कॉइल मोजा, तेही बंद पडल्या पडल्या, गरम असताना. सीडीआयचा सॉकेट काढून निळी-पांढरी ते हिरवी, म्हणजे पिकअप (ठिणगीची वेळ सांगणारी कॉइल): १०० ते २०० ओहम. काळी-लाल ते हिरवी, म्हणजे मॅग्नेटमधली चार्जिंग कॉइल: साधारण २०० ते ५०० ओहम. थंडला आकडा येतो आणि गरमला मीटर उघडं सर्किट दाखवतो, तर आतली तार उष्णतेने सुटतेय. पूर्ण कॉइल प्लेट बदला. मॅग्नेट काढायला पुलरच वापरा, हातोडी मारली तर चुंबक तडकतात आणि क्रँकही वाकतो. वायरींचे रंग सगळ्या गाड्यांत सारखे नसतात, तेव्हा जुळले नाहीत तर सीडीआयपासून वायर धरत शेवटपर्यंत जा. काही गाड्यांत बॅटरीवर चालणारा डीसी सीडीआय असतो. त्यात काळ्या-लालच्या जागी चावी चालू केल्यावर १२ व्होल्ट येतात. एसी सीडीआय आणि डीसी सीडीआय एकमेकांच्या जागी लावू नका, सॉकेट बसला तरीही.

आता बॅटरी. तुमचा आठवड्याचा हिशेबच सांगतोय की काहीतरी सतत ३० मिलीअँपिअरच्या आसपास पितंय: ५००० भागिले ३० म्हणजे १६६ तास, जवळजवळ सात दिवस. चावी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि मीटर मिलीअँपिअरवर ठेवून मध्ये जोडा. ५ च्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर आधी रिमोट अलार्मच्या डब्याचा सॉकेट काढा. बहुतेक वेळा आकडा तिथेच पडतो. बागेत त्या डब्याचा उपयोग नाही, कायमचा काढून ठेवा आणि सॉकेटला टेप गुंडाळा. डबा काढल्यावर सेल्फ चालला नाही तर रिलेची वायर त्यातून गेलेली आहे, ती थेट जोडून घ्यावी लागेल. अलार्म काढूनही आकडा उतरला नाही तर रेक्टिफायरचा (मॅग्नेटचा एसी करंट बॅटरीसाठी डीसी करणारा डबा) सॉकेट काढून बघा. आतला डायोड गळका झाला की उभ्या गाडीत करंट उलटा जातो.

चार्जिंग मोजायचं ते मध्यम ॲक्सिलरेटरवर, नुसत्या आयडलवर नाही. बॅटरीच्या टोकांवर १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. १५ च्या वर गेलं तर रेक्टिफायर बदला, नाहीतर नवी बॅटरीही उकळेल. सेल्फ दाबून धरला असताना बॅटरीची निगेटिव्ह आणि इंजिनाचं अंग यांच्यात ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग कच्चं आहे. ६ चौरस मिमीची जाड तार बॅटरीपासून थेट इंजिनाच्या बोल्टला द्या, बोल्टखालचा रंग खरवडून.

रेसिंग सीडीआयचं एकच वाक्य: त्यात फेऱ्यांची मर्यादा काढलेली असते. या इंजिनाच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा त्या फेऱ्यांना पुरत नाहीत, आणि बागेत पहिल्या गिअरमध्ये चालणाऱ्या गाडीला त्या फेऱ्या लागतच नाहीत.

शहादा_चारचाक

इंजिनावर दोघांनी लिहिलंय, मी खालच्या अंगाचं लिहितो, कारण टाकी लावल्यावर आधी तेच मोडणार.

डाव्या वळणावरच चेन उतरते म्हणजे डाव्या वळणाला ॲक्सल एका बाजूला सरकतोय. मागची चाकं उचला, चाक दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि आत-बाहेर हलवा. हललं तर दोन जागा बघायच्या. ॲक्सलवरचे मोठे दोन नट एकमेकांवर आवळून लॉक होतात. ते सैल झाले की अख्खा ॲक्सल स्प्रॉकेटसकट सरकतो. दोन्ही सोडून आटे केरोसीनने साफ करा, मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉक लावा, आतला आधी आवळा, मग बाहेरचा त्याच्यावर. नट घट्ट असून हलत असेल तर बेअरिंग. नंबर बेअरिंगच्या कडेवरच कोरलेला असतो. तो नंबर आणि पुढे ‘२आरएस’, म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, असं सांगून कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात घ्या. एटीव्हीचं म्हणून वेगळं काही मागवावं लागत नाही.

पण बेअरिंग का गेलं ते बघा, नाहीतर तीन महिन्यांत पुन्हा तेच. केळीच्या बागेत सोपटांचे धागे आणि ठिबकच्या तुटक्या नळ्या ॲक्सलवर गुंडाळल्या जातात, घट्ट होत होत ऑइल सीलची कड कापतात, आणि मग काळी माती पाण्याबरोबर आत जाते. रोज संध्याकाळी विळ्याने गुंडाळा कापून काढा, सील बघा. बेअरिंग घराच्या बाहेर २ मिमी पत्र्याची चकती बसवून घेतली तर नळी आतपर्यंत पोचत नाही. माझ्या मते या गाडीवरचं सगळ्यात पैसे वसूल काम हेच, आणि खर्च वेल्डरच्या अर्ध्या तासाचा.

चेन ४२० आहे की ४२८ ते मोजा. दोन्हींचा पिच (दोन पिनांमधलं अंतर) १२.७ मिमीच, पण आतली रुंदी ४२० ची ६.३५ आणि ४२८ ची ७.९ मिमी. चुकीची लावली तर एक घासते नाहीतर एक डोलते. ४२८ असेल तर मोटरसायकलच्या दुकानात चांगली चेन मिळते. झीज बघायला वीस पिच ताणून मोजा: नवी २५४ मिमी भरते, २५९ ला पोचली की बदला, स्प्रॉकेटसकट. ढील माणूस बसवून मोजायची, २० ते २५ मिमी. रिकाम्या गाडीवर घट्ट केलेली चेन बसल्यावर ताणून बेअरिंगच खाते. शेवटी मागच्या स्प्रॉकेटला सरळ पट्टी लावून पुढच्यापर्यंत रेघ बघा.

टायरमध्ये हवा ५ पीएसआयच्या आसपास, आणि टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्यापेक्षा जास्त कधीच नाही. पंक्चरवाल्याचा नेहमीचा गेज ५ वर सुई हलवतही नाही, त्यामुळे लोक २० भरतात आणि मग गाडी उड्या मारते, टायर मधूनच झिजतात. ० ते १५ चा कमी दाबाचा गेज घ्या. कपाशीच्या शेतात नेणार असाल तर पऱ्हाटीच्या खुंटांसाठी टायरमध्ये सीलंट भरून ठेवा.

आता टाकी. ६० लिटर म्हणजे ६० किलो पाणी, टाकी आणि पंप धरून ७० च्या वर. या गाडीचं मागचं कॅरिअर शोभेच्या पाइपाचं असतं, चार एम८ बोल्टवर. बोल्ट टिकले तरी वजन इतकं वर आणि मागे जातं की बांध चढताना पुढची चाकं उचलतात. अर्धी टाकी भरलेल्यापेक्षाही धोक्याची, पाणी मागे धावतं. कॅरिअरवर बसवूच नका. दोन चाकांची छोटी ट्रॉली करा, टाकी ट्रॉलीच्या ॲक्सलच्या किंचित पुढे, म्हणजे एकूण वजनाचा दहावा हिस्सा हुकवर येईल. हुक मागच्या ॲक्सलच्या उंचीवर किंवा खाली. वर लावला तर ओढताना गाडी मागे उलटते.

ओढ वाढवायला कार्बोरेटर नाही, पुढचं स्प्रॉकेट बदला. पुढे १७ आणि मागे ३७ दात असतील तर १७ चं १४ करा. चाकाची ओढ एकवीस टक्के वाढते, वेग अठरा टक्के कमी होतो, आणि फवारणीला तेच हवं. घेताना शाफ्ट १७ मिमीचा की २० चा ते कॅलिपरने मोजून जा, दोन्ही येतात. ट्रॉलीला पहिलाच गिअर. दुसऱ्या-तिसऱ्यात हळू चालवलं की आपोआप लागणारा क्लच अर्धवट घसरत राहतो आणि ऑइल तापतं. बंद पडण्यात त्याचाही हात असेल. ऑइल कूलरचा सल्ला कोणी दिला तर माझं मत वेगळं आहे: चालण्याच्या वेगाने जाणाऱ्या गाडीत कूलरवर वाराच लागत नाही. आधी सिलिंडरच्या पंखांमधली वाळलेली माती काढा.

पंप गाडीच्या बॅटरीवर लावू नका. पाठीवरच्या फवारणी पंपाची १२ व्होल्ट १२ अँपिअर-अवरची बॅटरी वेगळी ठेवा. पंप ४ अँपिअर घेत असेल तर कागदावर तीन तास, प्रत्यक्षात दोन धरा.

वजन ओढायच्या आधी ब्रेक: पॅड २ मिमीच्या खाली असतील तर बदला, डॉट ४ चं सीलबंद बाटलीतलंच तेल भरून हवा काढा. एकच डिस्क आहे आणि मागून ट्रॉली ढकलणार आहे, त्यामुळे उतारावर गिअर न्यूट्रल करायचा नाही.

केळीबाग_रावेर

तिघांचेही आभार. मोजून आकडे देतो.

बंद पडल्यावर झाकण उघडून फरक नाही. ठिणगी निळी. वाटी भरलेली. कॉम्प्रेशन थंड १३०, बंद पडल्यावर लगेच ७५, ऑइल टाकून ८०. सकाळी थंडला इनटेक ०.०६, एक्झॉस्टमध्ये ०.०३ ची पट्टीही जात नाही.

अलार्मचा डबा काढला, ३४ मिलीअँपिअरचे २ झाले. ॲक्सलचा बाहेरचा नट हाताने फिरत होता.

फक्त टॅपेट सेट करू की हेड उघडू? आणि काढलेल्या प्लगचं टोक पांढरं आहे.

धुळे_टॅपेट

आत्ता हेड उघडू नका. एक्झॉस्ट ०.०८ ला लावा, दोन तास काम करा, रात्रभर थंड करून पुन्हा मोजा. मग पाच तासांनी आणखी एकदा. ०.०८ तिथेच राहिला आणि गरम कॉम्प्रेशन ११० च्या वर आलं तर व्हॉल्व्ह वाचला. पाच तासांत ०.०४ वर आला तर सीट खातेय किंवा व्हॉल्व्हचं तोंड जळालंय, मग हेड काढून नवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, सीट कटिंग आणि लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून नीट बसवणं). लॅपिंगनंतर पोर्टमध्ये पेट्रोल ओतून पाच मिनिटं ठेवा, चेंबरच्या बाजूला ओल दिसली नाही पाहिजे.

पांढऱ्या प्लगकडे दुर्लक्ष करू नका, व्हॉल्व्ह त्याच कारणाने तापला असावा. मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. साध्या पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, याला साधारण १३.५. म्हणजे कारखान्यातून आलेला जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) साध्या पेट्रोलसाठी असेल तर तो आज आपोआप लहान पडतो. आधी इनटेकच्या जोडावर, इंजिन आयडलवर आणि अजून कोमट असताना, साबणाचं पाणी फवारा. आयडल बदलला तर तिथून हवा ओढतेय, गॅस्केट बदला. गळती नसेल तर मेन जेटवरचा आकडा वाचून त्यापेक्षा एक किंवा दोन नंबर मोठा घ्या, सुईची क्लिप असेल तर एक खाच खाली. नवा प्लग लावून, ट्रॉलीसकट पहिल्या गिअरमध्ये पाच मिनिटं ओढ देऊन, लाल बटणाने तिथेच बंद करा आणि प्लग बघा. चिनीमातीच्या मुळाशी फिकट बिस्किटी कडं हवं. काजळी आली तर एक नंबर मागे.

पेट्रोलची नळीही इथेनॉल सोसणारी घ्या, जुनी आतून फुगून सोलते आणि तिचे कण जेटमध्ये बसतात. पंधरा दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी करून ठेवा. टॅपेटचे पाच तासांनंतरचे आकडे इथेच टाका, त्यावरून हेडचं ठरवू.